भिंत पडताना अख्खी दिसली पाहिजे : बस्टर कीटनचा डीव्हीडी संच

नाटकाचे सेट लावण्यात आणि उतरवण्यात माझी उभी हयात गेली. त्यामुळे पडद्यावर भिंत पडली की मी आधी बघतो, ती कशाची केलीय. मूकपटांच्या काळातला विनोदी नट बस्टर कीटन, त्याची ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मधली (१९२८) भिंत बघायला म्हणूनच हा संच मागवला. सोबत ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) आणि ‘द जनरल’ (१९२६). तिन्ही मिळून सातशेच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असे संच काढणारे पुष्कळ आहेत. सिनेमे जुने, हक्कांची कटकट नाही, मिळेल ती प्रिंट उचलायची आणि खोक्यात घालायची.

आधी भिंतीचं सांगतो. वादळ सुटलंय, कीटन रस्त्यात उभा आहे आणि मागच्या घराची अख्खी दर्शनी बाजू त्याच्यावर येते. वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या अंगावरून जाते. हा जागच्या जागी, चेहऱ्यावर रेषही हललेली नाही. खांद्यापाशी जेमतेम काही बोटांची जागा. भिंत दोन टनांची होती असं लिहिलेलं सापडतं आणि मला ते पटतं. आमचा नाटकातला फ्लॅट म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड. तो पडताना हवेवर तरंगतो, डुलतो, पडेपर्यंत कुठे पडेल याचा नेम नाही. इथे तर समोर वाऱ्याची यंत्रं घोंगावत होती. ही भिंत रेषेत खाली येते ती वजनामुळेच. म्हणजे जिवावर उठेल इतकी जड केली तरच ती भरवशाची. ही अक्कल स्टेजवर वाढलेल्या माणसालाच सुचणार. कीटन पोरवयापासून आईबापाबरोबर व्हॉदेव्हिलमध्ये, म्हणजे नकला, गाणी, कसरतींच्या स्टेजवरच्या खेळांत होता, बाप त्याला प्रेक्षकांसमोर उचलून फेकायचा.

ही गंमत त्याची जुनीच. १९१९ च्या ‘बॅक स्टेज’मध्ये विनोदी नट रॉस्को आर्बकलवर नाटकाचा फ्लॅट असाच खिडकीसकट पडतो. १९२० च्या ‘वन वीक’मध्ये घराची भिंत आली. पुढे विनोद तोच ठेवला, फक्त वजन वाढवलं.

आता तक्रार. हा सगळा खेळ एका चौकटीत, एका दमात दिसायला हवा. वर खिडकी, खाली माणूस, मध्ये कट नाही. या संचात टीव्ही भरावा म्हणून त्या चौकोनी चित्राचं डोकं आणि पाय छाटलेत! खिडकी आधी धड दिसतच नाही, त्यामुळे भिंत पडते आणि माणूस वाचतो, एवढंच कळतं. हसू येतं ते तो कसा वाचला ते दिसल्यामुळे. तेच कापलं.

‘शेरलॉक ज्युनियर’ची डिस्क मात्र बरी. तिथे चित्र नुसतं आडवं ताणलंय, रिमोटवर ४:३ (चित्राची रुंदी चार तर उंची तीन) केलं की माणसं पुन्हा सडपातळ होतात. गल्लीत गाठला गेलेला कीटन एका म्हातारीच्या छातीशी धरलेल्या पेटीत सूर मारतो आणि गायब होतो, ते जरूर बघा. ट्रिक नाटकवाल्यांचीच आहे. कशी केली ते ओळखलं, पण फोडणार नाही, धंद्याची रीत असते. याच सिनेमात पाण्याच्या टाकीच्या नळाखाली तो रुळावर आपटला आणि मानेचं हाड मोडलं. त्याला ते कळलं कित्येक वर्षांनी, डॉक्टरांनी दाखवल्यावर.

‘द जनरल’साठी ऑरेगनमध्ये खरं इंजिन जळत्या पुलावरून नदीत पाडलं होतं. इथे ते इतकं भरभर पडतं की खेळण्यातलं वाटतं. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग सिनेमागणिक वेगळा. नव्याने काढताना तो बेतून घ्यावा लागतो, इथे तसदीच घेतलेली नाही.

संगीत म्हणजे एकच पियानोची पट्टी, भांडणालाही तीच आणि प्रेमालाही तीच. आवाज बंद करून बघितलं तर काही बिघडत नाही. धाकट्या नातवाला संवादांच्या इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत, पण एकही पाटी वाचून दाखवावी लागली नाही. त्याने फक्त एकदा विचारलं, “आबा, याची दोरी कुठंय?” दोरी नव्हती म्हटल्यावर तो प्रसंग पुन्हा लावायला लावला.

सिनेमांना पैकीच्या पैकी, संचाला पाचात दोन, तेही ‘शेरलॉक’च्या जिवावर. घ्यायचंच असेल तर थोडे जास्त पैसे टाकून दुरुस्त केलेली प्रत बघा आणि खोक्यामागे १.३३ किंवा ४:३ लिहिलंय ना, ते आधी तपासा. ‘वाइडस्क्रीन’ अशी जाहिरात असेल तर सरळ परत ठेवा.