ऑपरेशनची घाई न करणारं ओबेसिटी सेंटर

चार स्टार. एक कापलाय तो वजनकाट्यापायी, त्याबद्दल पुढे.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३९, डायबेटिस, झोपेत श्वास अडतो म्हणून रात्री सीपॅप मशीन लावून झोप. हल्ली बीएमआय ३५ च्या वर असेल तर बाकी आजार नसले तरी वजन कमी करायच्या ऑपरेशनची शिफारस करतात, त्यामुळे माझं नाव यादीत बसणारच होतं. मला स्लीव्ह सर्जरी हवी होती. जठराचा मोठा भाग काढतात, पण आतड्यांना हात लावत नाहीत, म्हणून ती सोपी वाटायची. सर्जन म्हणाले, "आधी एंडोस्कोपी करू, मग बोलू."

नेहमीचं पित्त म्हणून मी जे गोळ्यांवर ढकलत होते, त्याने अन्ननलिकेला चांगलीच सूज आणलेली निघाली. सर्जननी रिपोर्टच्याच मागे जठराचं चित्र काढून दाखवलं. स्लीव्हनंतर उरते ती अरुंद नळी, आत दाब वाढतो आणि ॲसिड वर येणं बळावू शकतं. जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात, त्या बायपासने हा त्रास बहुधा कमी होतो. पण बायपाससोबत काय गळ्यात पडतं, तेही तिथेच लिहिलं. बी-१२, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी जन्मभर. गोड जास्त झालं तर धडधड, घाम, जुलाब. आणि गुडघ्यांसाठी मी घेते त्या पेनकिलर बंद, अल्सर होतो म्हणून. जन्मभराच्या गोळ्यांचं काही वाटलं नाही, या बंदीने मात्र मला बरेच दिवस अडवून धरलं. कुणी फोन करून "ठरलं का?" विचारलं नाही, हे विशेष.

डायटिशियन बाई स्पष्टवक्त्या. "तीन-चार महिन्यांनी केस गळतील, परत येतात, त्यासाठी फोन नको. उलट्या थांबत नसतील तर मध्यरात्रीही करा." मानसोपचारतज्ज्ञांची भेट नुसती फॉर्मॅलिटी असेल असं वाटलं होतं. त्यांनी पहिलंच विचारलं, "घरात भांडण झालं की काय खाता?" तासभर तिथेच गेला.

आता वजनकाटा. बिनहाताच्या ऐसपैस खुर्च्या आहेत, बीपीचा मोठा पट्टा न मागता मिळतो. इतका विचार करणाऱ्यांनी काटा रिसेप्शनसमोर का ठेवावा? वर आकडा मोठ्याने सांगतात! सांगितल्यावर सिस्टरनी आवाज खाली आणला, काटा आहे तिथेच आहे.

बायपासची तारीख घेतली आहे. लिव्हर आकसावं म्हणून सध्या लिक्विड डाएट चालू आहे, त्यामुळे कुठे चिडचिड दिसली तर सांभाळून घ्या. इथे जाणार असाल तर चालू गोळ्यांची यादी न्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्याही त्यात लिहा.