रोखे की सोनेतारण? व्याजदर पडत असताना छोट्या बँकेने शिलकीचा पैसा कुठे लावावा

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, चार वेळा कमी केला. फेब्रुवारीत साडेसहाचा सव्वासहा झाला, एप्रिलमध्ये सहा, जूनमध्ये एकदम साडेपाच आणि डिसेंबरात सव्वापाच. मोठ्या बँकांची घरकर्जं रेपोला बांधलेली, त्यामुळे त्यांचं व्याजाचं उत्पन्न तीन महिन्यांच्या आत खाली येतं. ठेवी मात्र मुदत संपेपर्यंत जुन्याच दराने चालतात. आपल्या नागरी सहकारी बँकांना रेपोची ती सक्ती नाही. तरी दुखणं चुकत नाही, फक्त वेगळ्या वाटेने येतं. चांगला कर्जदार मोठ्या बँकेचा दर दाखवतो आणि म्हणतो, एवढ्यात देताय का, नाहीतर खातं हलवतो. तो गेला की त्याच्या कर्जातला पैसा परत येऊन आपल्याच डोक्यावर बसतो.

मोठ्या बँकांकडे आणखी एक दार आहे. स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये बचत खात्याचा दर अडीच टक्क्यांवर आणला आणि कोणी हूं की चूं केलं नाही. आपण तसं करायला गेलो तर अवघड. आपल्याकडे ठेवीदार येतो तोच मुळी अर्धा-पाऊण टक्का जास्त मिळतो म्हणून. शिवाय मागच्या काही वर्षांत मराठवाड्यातल्या काही मल्टीस्टेट पतसंस्थांत लोकांचे पैसे अडकल्यापासून ठेवीदार तसाच बिचकलेला आहे. दर जास्त कमी केला तर तो बाहेर पडेल, जास्त वाढवला तर त्याला शंका येईल.

तेव्हा प्रश्न उरतो तो शिलकीचा. सोयाबीन विकून पैसा खात्यात आलाय, कर्जाला मागणी बेताची, आणि संचालक मंडळात दोन तट पडलेत: एक म्हणतो सरकारी रोख्यांत लांबच्या मुदतीचं टाका, दुसरा म्हणतो सोनेतारण वाढवा. मी तालुक्याच्या एका नागरी बँकेत गुंतवणूक आणि कर्ज दोन्ही टेबलांवर बसलो आहे आणि ही निवड आम्हालाही करावी लागली. एसएलआरपुरते, म्हणजे नियमाने ठेवींच्या ठराविक हिश्शाइतके, रोखे ठेवावेच लागतात, बोलणं आहे ते त्याच्या वरच्या पैशाचं.

विमा एजन्सी, लॉकर भाडं वगैरे कमिशनचं उत्पन्न हा तिसरा पर्याय मंडळाच्या बैठकीत हमखास निघतो. करावं, पण त्यावर बँक चालेल अशा भ्रमात राहू नये. आमच्या लॉकरचं भाडं वसूल करायला शिपाई पाठवावा लागतो, यात काय ते आलं.

आता रोखे. त्यांच्या बाजूने बोलायचं तर खूप आहे. बुडायची भीती नाही, वसुली नाही, थकीत कर्ज (एनपीए) नाही, नोटीस नाही. सहा महिन्यांनी व्याज आपोआप खात्यात. दर खाली जात असताना लांबचा रोखा हातात असणं म्हणजे चैन आहे. ज्यांनी २०२४ च्या एप्रिलमध्ये निघालेला ७.१० टक्क्यांचा २०३४ चा रोखा घेऊन ठेवला, त्यांना २०२५ च्या मेमध्ये नवा दहा वर्षांचा रोखा ६.३३ टक्क्यांनी निघालेला पाहून बरं वाटलं असणार. त्यांचं उत्पन्न २०३४ पर्यंत पक्कं. ठेवींचे दर पडत जातील तसं त्यांचं मार्जिन, म्हणजे मिळणारं आणि द्यावं लागणारं व्याज यांतला फरक, उलट रुंदावत जाईल. कागदावर याहून सोपा उपाय नाही.

पण हाच उपाय उलटा फिरतो तेव्हा काय होतं तेही बघा. २०२० मध्ये रेपो चार टक्क्यांवर होता, दहा वर्षांचा रोखा ५.७७ टक्क्यांनी निघाला. त्या वेळी पैसा पडून होता, कर्ज कोणी घेत नव्हतं, आणि दर आता वर जायचेच नाहीत असं बोललं जायचं. मे २०२२ पासून रेपो चढू लागला तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. मधल्या काळात दहा वर्षांचा परतावा साडेसातच्या पुढे गेला होता. नव्या रोख्यावर जास्त मिळतं म्हटल्यावर जुना कोणी पुऱ्या किमतीला घेत नाही; त्या भावाने २०२० चा शंभराचा रोखा नव्वदच्या आसपास येतो. एचटीएममध्ये, म्हणजे मुदतपूर्तीपर्यंत धरायच्या गटात, असेल तर ताळेबंदात दिसत नाही, पण ५.७७ टक्के व्याज आणि वर सात टक्क्यांच्या ठेवी ही गोष्ट एचटीएममुळे लपत नाही. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये कोसळली, त्यामागेही मुख्य कारण हेच होतं: स्वस्ताईच्या काळात घेतलेले लांबचे रोखे, आणि नेमक्या त्याच वेळी ठेवीदारांची रांग. आपल्याकडे एवढ्या टोकाला जाणार नाही, पण जात तीच.

तरीही, एवढंच असतं तर मी कदाचित रोख्यांकडेच झुकलो असतो. दर वरखाली होणारच, थोडे लांबचे, थोडे जवळचे घेऊन निभावता येतं. मला नको झालं ते वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण दर मार्चमध्ये येतं.

नागरी बँकांच्या हिशेबात एएफएसमधल्या, म्हणजे विकायला मोकळ्या ठेवलेल्या, रोख्यांची किंमत घटली तर तरतूद करावी लागते, वाढली तर ती वाढ नफ्यात धरता येत नाही. म्हणजे दर पडल्यावर रोख्यात फायदा साठत जातो, पण तो विकल्याशिवाय नफा-तोटा पत्रकात उतरत नाही. आणि मार्च जवळ आला की नफा कमी पडायला लागतो. लाभांश किती, सभासद काय म्हणतील, शेजारच्या बँकेने किती दिला. मग फेब्रुवारीच्या बैठकीत कोणीतरी गुंतवणुकीची यादी पुढे ओढतो, बाजारभावाच्या रकान्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "साहेब, ह्यात तर फायदा दिसायलाय की. मग विकून का टाकत नाहीत?"

याचं उत्तर देताना मी दरवेळी तोच हिशेब मांडत आलो. समजा ७.१० टक्क्यांचे दहा कोटींचे रोखे आहेत, वर्षाला ७१ लाख व्याज. बाजारात १०५ चा भाव आहे, विकले तर ५० लाख नफा. तो नफा करात आणि लाभांशात गेला, मूळ दहा कोटी ६.३३ टक्क्यांच्या नव्या रोख्यात गेले. आता वर्षाला व्याज ६३ लाख ३० हजार. म्हणजे आज ५० लाख घेण्यासाठी २०३४ पर्यंत दरवर्षी ७ लाख ७० हजार सोडायचे. दुभती म्हैस विकून ऐन सणाला बासुंदी करायची, तसला प्रकार. आणि पुढच्या मार्चला पुन्हा नफा कमी पडणार, कारण व्याज कमी झालंय, मग पुन्हा उरलेल्यातलं काहीतरी विकायचं.

हिशेब सगळ्यांना पटतो. मान डोलवतात. आणि तरी ठराव विकण्याचाच होतो, कारण पुढची नऊ वर्षं हे मंडळ नसणार आणि वार्षिक सभा मात्र सप्टेंबरात आहे. कोणाला दोष देत नाही, माणसाचा स्वभाव आहे. पण ज्या गोष्टीचा उपयोग शेवटपर्यंत धरून ठेवण्यातच आहे आणि जी धरून ठेवू दिली जात नाही, तिच्यावर मार्जिनची भिस्त ठेवणं मला झेपलं नाही.

सोनेतारण याच्या अगदी उलट. कटकट रोजची आहे, पण ती मार्चमध्ये एकदम अंगावर येत नाही.

आमच्याकडे सोनेतारणाचा हंगाम मे-जूनला सुरू होतो. बियाणं, खत, आणि त्याच सुमारास लातूरच्या क्लासची फी. बाई पदराआडून रुमाल काढते, त्यात गंठण, एखादी एकदाणी, मुलीचे झुबे. मूल्यांकक कसोटीवर घासतो, आम्ल टाकतो, मग वजन. गंठणातले काळे मणी, दोरा, लाख, खडे हे सगळं वजनातून वजा करावं लागतं आणि इथेच निम्मी भांडणं होतात. "अहो भाऊ, घेताना सोनाराने तर मण्यासकट मोजलं होतं." मग समजावून सांगायचं. पाकिटाला लाखेचं सील, दोन किल्ल्यांची तिजोरी, पाकिटावर खाते क्रमांक. हे सगळं काम आहे, रोख्यांसारखं फोनवर होत नाही.

पण दर पडत असताना या कर्जाची एक गंमत अनुभवाला आली. कर्जदार दर विचारतच नाही, निदान पहिला प्रश्न तो नसतो. तो विचारतो ग्रॅमला किती देता आणि आज मिळतील का. रेपो सव्वापाच झाला म्हणून सोनेतारणाचा दर उतरवा असं सांगायला आमच्या काउंटरवर कोणी आल्याचं मला आठवत नाही. घरकर्जवाला पाव टक्क्यासाठी खातं हलवतो, सोनेतारणवाला अर्ध्या तासासाठी हलवतो. तुम्ही तो अर्धा तास वाचवलात तर तुमचं मार्जिन बऱ्यापैकी शाबूत राहतं.

दुसरं, मुदत. आमचं बहुतेक सोनेतारण एकरकमी फेडीचं, बारा महिन्यांचं. आमच्याकडच्या बहुतेक ठेवीही बारा-पंधरा महिन्यांच्या. दोन्ही बाजूंचे दर जवळजवळ एकाच वेळी बदलतात. दर पडले तर ठेव स्वस्त होते, चढले तर कर्ज महाग करता येतं. पुढे काय होणार याचा अंदाज बांधायची गरजच उरत नाही, आणि अनिश्चित काळात मला तरी हीच सर्वांत मोठी सोय वाटते. रोखा घेताना तुम्ही नकळत पुढच्या दहा वर्षांवर पैज लावलेली असते.

धोके आहेत, नाही कसे. सोन्याचा भाव २०२५ मध्ये तोळ्याला लाखाच्या पुढे गेला म्हणून सगळे निर्धास्त आहेत, पण एप्रिल २०१३ मध्ये तो एकदम कोसळला होता तेही आठवावं. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या नियमांनी घरखर्च, फी अशा उपभोगासाठीच्या कर्जाला, अडीच लाखांपर्यंत सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५ टक्के अशी मर्यादा घातली आहे, आणि एकरकमी कर्जात मुदतीअखेरचं व्याजही त्या मर्यादेत मोजायचं आहे. ८५ टक्के देता येतात म्हणून द्यावेत असं नाही. आम्ही हात आखडताच ठेवतो. व्याज भरल्याशिवाय नूतनीकरण करता येत नाही, हा नियमही बरा झाला. नाहीतर व्याज मुद्दलात ढकलत जुनं कर्ज नव्या नावाने वर्षानुवर्षं चालायचं आणि फुगायचं. कर्ज फिटल्यावर दागिना सात कामाच्या दिवसांत परत गेला नाही तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे, तेव्हा शाखांची शिस्त आधी तपासा.

लिलाव हा मात्र खरंच नकोसा भाग. तालुक्याच्या गावात शेजाऱ्याच्या घरचं मंगळसूत्र कोणी बोली लावून घेत नाही. बाहेरचे सराफ येतात आणि पाडून मागतात. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेलं तेव्हा हा विषय पुन्हा डोकं वर काढणार अशी धास्ती होती. पण आमच्या पाहण्यात असं आहे की माणूस पिकाचं कर्ज थकवेल, दागिना सहसा सोडत नाही. कुठूनतरी व्याज जमवतो, मेहुण्याकडून आणतो, नूतनीकरण करतो. याला मी आकडेवारी म्हणणार नाही, आमच्या तालुक्याचा अनुभव म्हणा. तुमच्याकडे वेगळं असू शकतं.

खोट्या सोन्याचं मात्र कुठेही वेगळं नाही. आत तांबं भरलेल्या बांगड्या वरच्या घासण्याला पास होतात. एकच मूल्यांकक वर्षानुवर्षं ठेवू नये, अधूनमधून दुसऱ्याकडून पाकिटं उघडून तपासून घ्यावीत. विश्वासू मूल्यांकक मिळत नसेल तर सोनेतारण वाढवण्याचा विचारच करू नका, त्यापेक्षा रोखे शंभर पटीने बरे. तसंच शहरातली बँक असेल, शाखा मोठ्या पण कर्मचारी कमी, किंवा मंडळ खरोखर संयमी असेल आणि रोख्याला मुदतपूर्तीपर्यंत हात लावणार नसेल, तर लांबच्या रोख्यांचं गणित तुमच्या बाजूने आहे. मी ते नाकारत नाही. फक्त तसं मंडळ मी पाहिलेलं नाही.

आमच्याकडे शेवटी असं ठरलं: एसएलआरच्या वरचा बराचसा पैसा सोनेतारणात, त्यातही छोट्या रकमांत. कोणा एका सराफाला किंवा व्यापाऱ्याला मोठं कर्ज नाही. उरलेला दोन-तीन वर्षांच्या रोख्यांत. त्यांची किंमत फारशी हलत नाही, त्यामुळे बैठकीत त्या रकान्यावर बोट ठेवण्यासारखं काही नसतं.

आणि मंडळाने लांबच्या रोख्यांचाच आग्रह धरला, तर एक करा. खरेदीच्या आधी, म्हणजे नफ्याची भूक लागण्याआधी, गुंतवणूक धोरणात लिहून घ्या की रोखा विकून झालेला नफा लाभांशाला जाणार नाही, रोख्यांच्या किमती पडल्या तर उपयोगी पडणाऱ्या गुंतवणूक चढउतार निधीत जाईल. एएफएस आणि एचएफटी (खरेदी-विक्रीसाठी ठेवलेला गट) यांतल्या गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांपर्यंत तो निधी उभा करायचाच असतो, तुम्ही त्याच्या वरही नेऊ शकता. ठराव सर्वांच्या सह्यांनी, जूनमध्ये. फेब्रुवारीत कोणी सही करणार नाही.