मरत्या हार्ड डिस्कवर डीडीरेस्क्यू: महिनाभर वापरल्यानंतर

डीडीरेस्क्यू हे बिघडत चाललेल्या डिस्कवरचं जमेल तितकं दुसरीकडे उतरवून घेणारं सॉफ्टवेअर आहे. आधी माझं काय अडलं होतं ते सांगते. नऊ वर्षं मी बाईंकडे व्हायोलिन शिकले आणि प्रत्येक शिकवणी रेकॉर्ड करत गेले. एकूण 412 वेव्ह फाइली, एक टेराबाइटच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. दुसरी प्रत नव्हती. बाईंना आता संधिवात आहे, त्या गज हातात धरत नाहीत. त्यामुळे ते वाजवणं पुन्हा कुठून आणणार होते मी?

एका सकाळी फोल्डर उघडायलाच पाच मिनिटं लागली. मग एक फाइल अर्ध्यात अडकली. डिस्कमध्ये दोष आहे, तपासून दुरुस्त करू का, असं संगणकाने विचारलं आणि मी हो म्हटलं. कृपा करून असं करू नका. ती दुरुस्ती तुमच्या फाइलींची नसते, फाइलींच्या नोंदवहीची असते. हिशेब जुळावा म्हणून ती त्याच आजारी डिस्कवर लिहीत सुटते आणि न जुळणाऱ्या नोंदी खोडून टाकते. माझं नशीब, मी लगेच भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, आधी ती डिस्क बंद कर. मग बोलू."

त्याचा पहिला प्रश्न होता, टकटक असा आवाज येतोय का? येत नव्हता. यावरच सगळं ठरतं. डिस्कची वाचणारी टोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतात. टकटक ऐकू येत असेल किंवा डिस्क पडलेली असेल, तर ती टोकं बिघडलेली असू शकतात आणि चालू ठेवलेला प्रत्येक मिनिट तबकडी खरवडू शकतो. अशा वेळी हे सॉफ्टवेअर वापरू नका, कुठलंच वापरू नका. डिस्क धूळमुक्त खोलीत उघडणाऱ्या जाणकारांकडे द्या. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं, मग उरलंसुरलंही जातं. तशाच दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड काढून बसवण्याचा उपायही नव्या डिस्कना सहसा चालत नाही, कारण त्या त्या डिस्कची खास मोजमापं बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेली असतात.

माझ्या डिस्कच्या स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्यात, 197 क्रमांकाची नोंद, म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), शेकड्यांत गेली होती. डिस्क फिरत होती, ओळखली जात होती, फक्त जागोजागी वाचता येत नव्हती. डीडीरेस्क्यू आहे ते नेमकं अशा डिस्कसाठी.

अंतोनियो दीआस दीआस यांनी 2004 मध्ये लिहायला घेतलेलं हे ग्नू प्रकल्पातलं सॉफ्टवेअर आहे, मोफत आहे, आणि चालतं ते काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून. नावात एक खाच आहे: मध्ये अंडरस्कोर असलेलं डीडी-रेस्क्यू हे वेगळ्या माणसाचं वेगळं सॉफ्टवेअर आहे, आणि उबंटूवर आपल्याला हवं असलेलं पॅकेज जीडीडीरेस्क्यू या नावाने मिळतं. मी तो घोळ टाळला. सिस्टमरेस्क्यू ही दुरुस्तीच्या साधनांची लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून संगणक सुरू केला, त्यात ते आधीच असतं.

याचं शहाणपण त्याच्या क्रमात आहे. साधी कॉपी पहिल्या खराब सेक्टरपाशी डोकं आपटत बसते. हे तिथे थांबत नाही, पुढे उडी मारतं आणि आधी सहज मिळेल ते सगळं उचलून घेतं. मग राहिलेल्या तुकड्यांच्या कडा तासत आत जातं, त्यानंतर उरलेला भाग सेक्टर सेक्टर करून खरवडतं, आणि शेवटी सांगितलं असेल तितक्या वेळा पुन्हा प्रयत्न करतं. मरणाऱ्या डिस्ककडे वेळ किती उरलाय माहीत नसतं, म्हणून हा क्रम मला फार माणुसकीचा वाटला. एन हा पर्याय देऊन मी पहिली फेरी खरवडण्याशिवाय केली. अकरा तासांत पाच गिगाबाइट सोडून सगळं आलं होतं. त्या पाचांतलं बरंचसं मिळवायला पुढे चार दिवस लागले.

या चार दिवसांत डिस्क सहा वेळा आपोआप सुटली आणि जोडल्यावर दोनदा वेगळ्या नावाने आली. मॅपफाइल नसती तर मी हरलेच असते. कुठला भाग वाचून झाला, कुठला नाही, याची ती साधी मजकुराची फाइल आहे; तीच दाखवून आज्ञा परत दिली की काम राहिलं तिथून सुरू होतं. ती दिल्याशिवाय सुरुवातच करू नका. आणि आज्ञेत आधी स्रोत, मग प्रत. हे उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. मी कागदावर लिहून, नाव आणि आकार दोनदा ताडून मगच एंटर दाबत होते. प्रत ठेवायची डिस्क फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, तिच्यात चार गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

शेवटी अडीच मेगाबाइट मिळालंच नाही. ते कोणत्या फाइलींमधलं? त्यासाठी यात एक सुरेख सोय आहे. प्रतिमेची, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या एका फाइलीत उतरवलेल्या प्रतीची, आणखी एक प्रत करून तिच्या न वाचलेल्या जागांमध्ये आपल्या ओळखीचा शब्द भरायचा आणि मग तो शब्द कुठल्या फाइलींत सापडतो ते शोधायचं. एकोणीस फाइली निघाल्या. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलीत 4,096 बाइटचा एक सेक्टर म्हणजे साधारण 23 मिलिसेकंद आवाज. एक बारीक 'टिक', इतकंच. त्याच जागी झिप फाइल असती तर आतली अख्खी फाइल जाऊ शकली असती. तेव्हापासून मी साठवणीसाठी काहीही झिपसारखं दाबून, आकार कमी करून ठेवत नाही.

दोन फोल्डर मात्र उघडेनात. त्यांच्या नोंदीच खराब भागात होत्या. तिथे फोटोरेक हे हरवलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर कामी आलं, तेही मूळ डिस्कवर नाही, प्रतिमेवर चालवलं. ते नोंदवही बघतच नाही, फाइलीच्या सुरुवातीची खूण ओळखून तिथून पुढचं उचलतं. आवाज परत आला, नावं गेली. त्रेसष्ट बिननावाच्या फाइली ऐकत ऐकत मी महिना काढला. कोणता धडा चालू होता, माझा गज किती कापत होता, बाई किती वेळा "पुन्हा" म्हणाल्या, यावरून वर्ष लावत गेले.

सात फाइलींना अजून नाव नाही. त्यातल्या एकीत बाई फक्त तारा जुळवतायत, सव्वा मिनिट, मी खोलीत आहे की नाही तेही कळत नाही. ती आता तीन ठिकाणी ठेवली आहे.