पेन ड्राइव्हमधला फोटो

२०१९च्या मे महिन्यातली गोष्ट. बडोद्याजवळच्या वढवाणा तलावावर पक्षी बघायला जायचो आणि मोबाइलमध्ये नुसते ठिपके घेऊन परतायचो. त्यात पुतणी त्या वर्षी पहिल्यांदाच मोठ्या मैदानात गरबा खेळणार होती. कॅमेरा घ्यायचं ठरलं. नवाकोरा निकॉन डी३५०० तीस हजारांच्या आसपास मिळत होता. पण माझा जीव अडकला होता वरच्या पंक्तीतल्या डी७५०मध्ये. नवा परवडणार नव्हता, म्हणून जुना. "थोडे पैसे घालून" असं मी म्हणत होतो. थोडे म्हणजे दुप्पट, हे बायकोनं तेव्हाच सांगितलं होतं.

दुकान कुठलं ते लिहीत नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून चालत जाता येतं, एवढंच. दुकानदारानं दोन्ही कॅमेरे काउंटरवर ठेवले, दिवे मंद केले आणि कोपऱ्यातल्या गणपतीचा फोटो दोन्हींतून काढला. डी३५००च्या पडद्यावर गणपती रवाळ, मुकुटाच्या कडा फिसकटलेल्या. डी७५०वर हाराची एकेक पाकळी मोजून घ्या. "काका, आ तो मख्खन छे," तो म्हणाला. मी विरघळलो.

तरी मी स्वतःला शहाणा समजत होतो. जुन्या कॅमेऱ्याचं शटर काउंट, म्हणजे फोटो काढताना आतला पडदा आजवर किती वेळा उघडला तो आकडा, बघायचं, हे मला माहीत होतं. स्कूटरचे किलोमीटर बघतो तसंच ते. डी७५०चं शटर १,५०,००० वेळा उघडझाप करून तपासलेलं असतं. निकॉनच्या अशा कॅमेऱ्यांच्या प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये हा आकडा लपलेला असतो. मी मागितला, तर दुकानदारानं हसत फोटो घातलेला पेन ड्राइव्ह दिला, "घरे जईने जोई लेजो." घरी बघितलं, ११,३०० आणि वर काही. दुसऱ्या दिवशी ५० मिमीच्या भिंगासकट ६२ हजार रोख मोजले. बिल मागितलं तर म्हणाला, अठरा टक्के जास्त पडतील. (जुन्या मालाचा व्यापारी बहुधा फक्त नफ्यावर जीएसटी भरतो, हे मला फार उशिरा कळलं.)

एक गोष्ट मी तेव्हाच बघितली होती. हातात धरायच्या जागेचं रबर नवंकोरं होतं, पण वर फ्लॅश बसवायच्या खाचेतला काळा रंग पार उडून पांढरा धातू दिसत होता. लग्नाच्या फोटोवाल्याचा फ्लॅश तिथे वर्षानुवर्षं आत-बाहेर झाल्याशिवाय असं होत नाही. मला मात्र वाटलं, वा, कसलेल्या हातातला कॅमेरा दिसतोय.

नवरात्रात तिसऱ्या रात्री नवलखीच्या मैदानात पुतणी फेर धरून समोर आली आणि फोटोच्या खालच्या भागात काळा पट्टा आला. पुढच्याला आणखी मोठा. मग वरच्या छोट्या पडद्यावर 'ईआरआर' ही अक्षरं लुकलुकायला लागली आणि शटर बसलं ते बसलंच.

भाचा या विषयातला. त्यानं पेन ड्राइव्हमधली फाइल उघडली, कॅमेरा उलटा करून बुडाचा सीरियल नंबर वाचला आणि म्हणाला, "मामा, हा फोटो या कॅमेऱ्यातून काढलेलाच नाही." फाइलमधला सीरियल नंबर वेगळाच होता. मग त्यानं माझेच गरब्याचे फोटो तपासले. शटर काउंट १,९३,०००च्या वर. लग्नात एका दिवसात दोन-तीन हजार फोटो सहज निघतात, हिशेब तुम्हीच करा. पाच महिने हा आकडा माझ्याच प्रत्येक फोटोत बसलेला होता आणि मी एकदाही बघितला नव्हता, कारण मी तर "तपासून" घेतला होता! स्वतःचं कार्ड घेऊन जायचं, दुकानात उभ्या उभ्या त्याच कॅमेऱ्यातून फोटो काढायचा आणि फाइलमधला नंबर बुडावरच्या नंबराशी जुळवायचा. दहा मिनिटांचं काम होतं.

दुकानात गेलो तर तो अगदी शांत. "बिल छे, काका?" बिल नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आता १९१५ आहे, पण तक्रारीला आधार लागतो आणि माझ्याकडे कागदाचा चिटोरासुद्धा नव्हता. भांडून झाल्यावर तोच म्हणाला, बारा हजारांत परत घेतो. मी कॅमेरा उचलून घरी आणला. त्याच्याकडे राहिला असता तर शटर बदलून, आणखी एक रबर चिकटवून कुणाच्या तरी गळ्यात गेला असता.

दिवाळीत निमूट डी३५०० आणला. बॅटरीसकट ४१५ ग्रॅम, म्हणजे त्या ८४० ग्रॅमच्या धोंड्याच्या निम्मा. मेगापिक्सेल दोन्हींचे जवळपास सारखेच, २४. डी३५००चा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा आतला भाग, डी७५०पेक्षा छोटा; पण वढवाण्यात तर छोटाच सोयीचा, ३०० मिमीचं भिंग ४५० मिमीसारखं जवळ आणतं. हे सगळं मे महिन्यातही खरंच होतं.

पाडव्याच्या संध्याकाळी सहज म्हणून ते ५० मिमीचं भिंग या स्वस्तातल्या कॅमेऱ्याला लावलं आणि गॅलरीतल्या आकाशकंदिलाचा फोटो काढला. झिरमिळ्यांचा कागद न् कागद वेगळा दिसत होता. तेव्हा डोक्यात गणपती आला. पेन ड्राइव्हमध्ये दुकानातले ते दोन्ही फोटोही होते. डी७५०ला दुकानदारानं हेच भिंग लावलं होतं, एफ १.८वर (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त), आयएसओ ६४०. डी३५००ला सोबत येणारं १८-५५, तेही पूर्ण ५५ला ओढून, एफ ५.६वर. प्रकाश कमी, म्हणून तिथे आयएसओ ६४००, आणि आयएसओ चढला की फोटो रवाळ होतो. मोठ्या सेन्सरचा फायदा असतो, नाही कोण म्हणतं? पण गणपतीची पाकळी न् पाकळी दाखवली होती ती भिंगानं. ते भिंग एकटं घेतलं असतं, तरी काम झालं असतं.