दिवस राहण्याआधीच्या गोळ्या: पिवळी, लाल आणि चित्राचा डबा

मूल होऊ द्यायचं ठरलं की मेडिकलच्या काउंटरवर तीन गोष्टी समोर येतात: फॉलिक ॲसिडची छोटी पिवळी गोळी, लोहाची गोळी आणि गरोदर बाईचं चित्र असलेला मल्टिव्हिटॅमिनचा डबा. चौथी गोष्ट सरकारी, उपकेंद्रात नाहीतर आशाताईंकडून फुकट मिळणारी लाल गोळी. या चारही इथे तीन कसोट्यांवर तपासल्या आहेत. आत नेमकं काय आणि किती आहे, ते वेळेत पोटात जातं का, आणि दुसऱ्या गोळीशी त्याचं भांडण होतं का? निकाल आधीच सांगतो. काउंटरवरची सगळ्यात स्वस्त गोळी, म्हणजे पिवळी, सगळ्यात मोठं काम करते, पण ती पाळी चुकण्याआधी सुरू झाली असेल तरच.

पिवळी गोळी: फॉलिक ॲसिड

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतात ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८व्या दिवसापर्यंत बंद होते. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर तो सहावा आठवडा, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. घरी युरिन टेस्ट केली, घरच्यांना सांगितलं, डॉक्टरांची वेळ घेतली, एवढ्यात ही मुदत संपलेली असते. नळी नीट मिटली नाही तर स्पायना बायफिडासारखं (पाठीचा कणा उघडा राहण्याचं) जन्मजात व्यंग राहतं. म्हणून गोळी किमान एक महिना आधी, जमलं तर दोन-तीन महिने आधी सुरू करायची आणि १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज घ्यायची. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. आधीच्या बाळाला हा दोष असलेल्या स्त्रियांनी रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्यावर पुन्हा तोच दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. पूरक गोळ्यांच्या दुनियेत एवढा ठसठशीत पुरावा क्वचितच मिळतो.

आता मात्रा, कारण घोळ इथेच होतो. बहुतेक स्त्रियांना रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम पुरतं. आपल्याकडे मेडिकलवाल्याकडे नुसतं ‘फॉलिक ॲसिड द्या’ म्हटलं की बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते. ती साडेबारा पट. ही मोठी मात्रा कुणासाठी? आधीच्या बाळाला किंवा नवरा-बायकोपैकी कुणाला नळीचा दोष असेल, फिटच्या गोळ्या चालू असतील, आधीपासून मधुमेह असेल, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३०च्या वर असेल, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक विकार असेल, तर डॉक्टर ५ मिलिग्रॅम मुद्दाम देतात आणि ती घ्यायलाच हवी. यातलं काहीही नसेल तर चिठ्ठी लिहून घेताना ‘चारशे मायक्रोग्रॅमची चालेल का?’ असं स्पष्ट विचारा. डॉक्टरांनी आधीच ५ लिहिली असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, कारण ० पेक्षा ५ केव्हाही बरी.

मोठ्या मात्रेची खरी अडचण बी १२ या जीवनसत्त्वाची आहे. बी १२ कमी असताना भरपूर फॉलिक ॲसिड गेलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या, दूधही बेताचंच पिणाऱ्या घरांत बी १२ कमी असणं हे आपल्याकडे नित्याचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी चालवलेल्या माता-पोषण अभ्यासात हेच चित्र आढळलं. ज्या आयांचं फोलेट (फॉलिक ॲसिड ज्या जीवनसत्त्वाचं रूप आहे ते) जास्त आणि बी १२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं. त्यामुळे फॉलिक ॲसिड सुरू करण्याच्या महिन्यातच बी १२ची तपासणी करून घेणं शहाणपणाचं. कमी निघालं तर दोन्ही एकत्र.

‘ॲक्टिव्ह फोलेट’ किंवा मिथाइलफोलेट म्हणून कितीतरी महाग विकली जाणारी गोळी घ्यायची गरज नाही. नळीचा दोष टळतो हे साध्या फॉलिक ॲसिडवरच सिद्ध झालंय, आणि फोलेटच्या वापराशी संबंधित एमटीएचएफआर जनुकात बदल असलेल्या स्त्रियांचं शरीरही ते वापरू शकतं.

पिवळ्या गोळीला पूर्ण गुण. तिच्यात काही खोट असेल तर ती आपल्या उशिरा जागं होण्यात आहे.

लाल गोळी: सरकारी लोह

या गोळीबद्दल गैरसमज फार. ‘सरकारी आहे, म्हणजे हलकी असणार’ हे चूक. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना गरोदर स्त्रियांसाठी ३० ते ६० मिलिग्रॅम लोह सुचवते. सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस ही गोळी आहे. एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) ११च्या खाली पण ७च्या वर असेल तर रोज दोन. ७च्या खाली असेल तर गोळ्यांचा विषय संपला, तिथे रुग्णालयच.

गोळीचा दर्जा चांगला आहे, योजनेची वेळ मात्र चुकते. पहिल्या तीन महिन्यांसाठीचं फॉलिक ॲसिड नाव नोंदवल्यावर मिळतं, आणि नोंदणी होते दोन-तीन महिने उलटल्यावर. तोपर्यंत नळी बंद होऊन गेलेली असते. वीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांसाठी आठवड्याला एक लाल गोळी ही सोय आहे, पण आठवड्यातून एकदा मिळणारे ५०० मायक्रोग्रॅम म्हणजे रोजचे ४०० नव्हेत. म्हणून लग्न झालेल्या, मुलाचा विचार करणाऱ्या बाईने नोंदणीची वाट न पाहता आशाताईंकडे रोजचं फॉलिक ॲसिड मागावं. तिथे नसेल तर जनऔषधी केंद्रातून किंवा मेडिकलमधून घ्यावं, खर्च नगण्य आहे.

पहिल्या तीन महिन्यांत लोह सरसकट दिलं जात नाही, कारण मळमळ वाढते आणि मग बाई सगळ्याच गोळ्या टाकून देते. आधीपासून रक्त कमी असेल तर डॉक्टर लवकर सुरू करतात. इथे एक महत्त्वाचं. रक्त कमी दिसलं की लगेच लोह, असं नाही. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत थॅलेसेमिया मायनर आणि गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेल बऱ्यापैकी आढळतो. रक्तपेशी बारीक आहेत पण फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) पुरेसं आहे, अशा वेळी महिनोन्‌महिने लोह घेऊन उपयोग नसतो. हे विकार ओळखणारी एचबी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ततपासणी एकदाच करावी लागते, आणि ती नवऱ्याचीही दिवस राहण्याआधी झालेली बरी.

खासगी चिठ्ठीत बहुधा फेरस ॲस्कॉर्बेट असतं: १०० मिलिग्रॅम लोह आणि १.५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड. काहींना ती जास्त सोसते. पण पाकिटावर ‘एलिमेंटल आयर्न’, म्हणजे प्रत्यक्ष लोह, किती लिहिलंय तेच पाहायचं; लोह ज्या क्षारात असतं त्या पूर्ण क्षाराचं वजन नाही. फेरस फ्युमरेट २०० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्ष लोह ६५च्या आसपास. कॅल्शियमचंही तसंच, १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ५००.

घ्यायची रीत: रात्री जेवणानंतर तास-दीड तासाने, लिंबूपाण्यासोबत. दुधाबरोबर नाही आणि चहा-कॉफीच्या आगेमागे दोन तास तर अजिबात नाही, कारण लोह आतड्यात नीट शोषलं जात नाही. शौच काळी होते, ते स्वाभाविक आहे, रक्त नव्हे. बद्धकोष्ठ झालं तर गोळी सोडण्याऐवजी डॉक्टरांना विचारून दिवसाआड घ्या किंवा क्षार बदलून घ्या.

कॅल्शियम आणि थायरॉइड: भांडणारी जोडी

सरकारी कॅल्शियमची गोळी ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० आययू (जीवनसत्त्वं मोजण्याचं आंतरराष्ट्रीय एकक) व्हिटॅमिन डी ३ अशी येते, १४ आठवड्यांनंतर दिवसातून दोनदा. कार्बोनेट असल्याने ती जेवणाबरोबर घ्यायची, आणि लोहापासून किमान दोन तास लांब. सोपं वेळापत्रक म्हणजे सकाळच्या नाश्त्यानंतर एक कॅल्शियम, दुपारच्या जेवणानंतर दुसरी, रात्री लोह.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी रिकाम्या पोटी, आणि लोह-कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी. ही चूक फार बायका करतात. सगळ्या गोळ्या एकाच मुठीत, एकाच घोटात. मग टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) वाढतं, डोस वाढवला जातो, आणि कारण मात्र नाश्त्याच्या ताटलीतल्या गोळ्यांत असतं.

चित्राचा डबा

इथे डोळे उघडे ठेवून लेबल वाचावं लागतं. आधी हे औषध आहे की फूड सप्लिमेंट ते ओळखा. औषधाच्या पट्टीवर ‘मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स’ नंबर, बॅच आणि मुदत असते. सप्लिमेंटवर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ ही ओळ असते. दोन्ही कायदेशीर, पण दुसऱ्याकडून उपचाराची अपेक्षा ठेवायची नाही.

मग शोधायचं ते व्हिटॅमिन ए. रेटिनॉल, रेटिनिल पामिटेट किंवा ॲसिटेट असं लिहिलेलं असेल तर आकडा पाहा. दिवसाला १०,००० आययूच्या वर रेटिनॉल गर्भाला घातक ठरू शकतं, आणि सर्वसाधारण मल्टिव्हिटॅमिनच्या काही कॅप्सूलांत त्याच्याजवळ जाणारा आकडा असतो. बीटा-कॅरोटीन असेल तर चिंता नको. कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल या काळात बंद. आणि ‘रक्त वाढतं’ म्हणून आग्रहाने खाऊ घातलं जाणारं काळीजही टाळा, शंभर ग्रॅममध्ये ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ते थांबवून किमान एक महिना जाईपर्यंत दिवस राहता कामा नयेत. ही कॅप्सूल व्हिटॅमिन एचीच नातलग आहे आणि बाळाला गंभीर व्यंग देऊ शकते.

केसांसाठी बायोटिनच्या गमीज खाणाऱ्यांनी लॅबमध्ये ते सांगायलाच हवं. बायोटिनची मोठी मात्रा टीएसएचचा रिपोर्ट खोटा दाखवू शकते. तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या बाटलीवर ‘६८० मायक्रोग्रॅम डीएफई’ (फोलेट मोजण्याचं तिथलं एकक) वाचून घाबरू नका, कारण ते ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडच आहे. तिथे ‘सर्व्हिंग साइझ’ पाहा. कधी दोन, कधी तीन गोळ्या मिळून तो आकडा होतो, आणि गमीजमध्ये बहुतेकदा लोह नसतं.

आयोडीनचा रकाना पाहायला विसरू नका. दिवसाला २५० मायक्रोग्रॅमची गरज असते आणि आपल्याकडे ती बहुतांश आयोडीनयुक्त मिठातून भागते. घरात सैंधव सुरू केलं असेल तर ती वाट बंद झाली. या काळात साधं आयोडीनयुक्त मीठच वापरा. समुद्री शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या गोळ्या मात्र नकोत. त्यांत आयोडीन बेसुमार असू शकतं.

सगळीकडून येणाऱ्या फॉलिक ॲसिडची बेरीज करून पाहा. पिवळी गोळी ५ मिलिग्रॅम, लोहाची गोळी १.५, पीसीओएससाठीची (बीजांडकोशांच्या विकारासाठीची) इनोसिटॉलची पुडी आणि प्रोटीन पावडर यांतही थोडंथोडं. सहज ७ मिलिग्रॅमपर्यंत, गरजेच्या सतरा पट. म्हणून सगळे डबे, पट्ट्या आणि पुड्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. नावं तोंडी सांगू नका.

डब्याबद्दल आमचं मत: आहार बरा असेल आणि पिवळी गोळी वेळेत सुरू असेल तर हा खर्च ऐच्छिक. खाणं फारच कमी जात असेल तेव्हा तो कामाचा. ब्रिटनमध्ये ‘हेल्दी स्टार्ट’ योजनेतल्या गोळीत फक्त तीन गोष्टी असतात: ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, ७० मिलिग्रॅम सी आणि १० मायक्रोग्रॅम डी. आपल्याकडची पंचवीस-तीस घटकांची यादी त्यापुढे उगाचच लांबलचक वाटते.

जे घेऊच नये

डी ३ची ६०,००० आययूची कॅप्सूल आठवड्याला एक असते. ती चुकून रोज घेतली जाते, कारण इतर सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. मग कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, आणि त्या गरोदरपणाच्या समजून सोडून दिल्या जातात. पट्टीवर पेनाने वार लिहून ठेवा.

भस्म असलेली किंवा घटक न लिहिलेली औषधं पूर्ण टाळा. न्यूयॉर्क शहरात २०११-१२मध्ये सहा गरोदर स्त्रियांना शिशाची बाधा झाली, आणि ती भारतातून आलेल्या आयुर्वेदिक गोळ्यांमुळे. शिसं थेट बाळापर्यंत पोहोचतं. स्त्रियांच्या टॉनिकमधली अश्वगंधा या काळात नको. मुलगा व्हावा म्हणून दिल्या जाणाऱ्या पुड्यांत काय असतं ते देणाराही लिहून देत नाही, त्या कुणाच्याही आग्रहाने घेऊ नका.

घरात लहान मूल असेल तर

लाल गोळीवर साखरेचा लेप असतो आणि लहान मुलाला ती चॉकलेटच वाटते. १० किलोच्या मुलाने चार गोळ्या खाल्ल्या तर २४० मिलिग्रॅम लोह पोटात जातं. एवढ्यावर उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू होते. दहा गोळ्या प्राणघातक ठरू शकतात. पट्ट्या कुलपाच्या कपाटात ठेवा, उशाशी किंवा देवघराच्या कोनाड्यात नको. मुलाने खाल्ल्याची शंका आली तरी रिकामी पट्टी घेऊन लगेच रुग्णालय गाठा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. सुरुवातीच्या उलट्या थांबून मूल काही तास बरं दिसतं आणि त्यानंतर यकृतावर घाव बसतो, त्यामुळे ‘आता खेळतंय’ म्हणून वाटेतून परत फिरू नका.