रट्टांची राजधानी पाहायची तर सौंदत्ती की बेळगाव?

बेळगावात राहून सौंदत्तीला दहादा जाऊन आलेली माणसं आमच्या घरात आहेत. पण साऱ्या खेपा यल्लम्माच्या. आपल्या शहराआधीची राजधानी तिथंच होती, हे त्यांच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं.

रट्ट हे राजघराणं, आधी राष्ट्रकूटांचं आणि मग कल्याणीच्या चालुक्यांचं मांडलिक. बिरुद मिरवायचे 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे थेट आपल्या लातूरची आठवण. त्यांची गादी सुगंधवर्तीला, आजच्या सौंदत्तीला. चौथ्या कार्तवीर्यानं ती 1210 च्या सुमारास वेणुग्रामाला हलवली. वेणू म्हणजे वेळू. वेळूचं गाव ते बेळगाव. गाव त्याआधी गोव्याच्या कदंबांकडे होतं. माझ्या मते या हलण्यात घाटाखाली, कोकणाकडे उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवण्याचा हिशेब असावा.

आता पाव्हण्यांसाठी हातात एकच रविवार असेल, तर कुठं जायचं?

सौंदत्तीबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर फसाल. गावातला तो बुरुजांचा देखणा किल्ला रट्टांचा नाही, 18 व्या शतकातल्या देसाई काळातला आहे. त्याच्यासमोर उभं राहून कार्तवीर्याच्या गोष्टी सांगणारे मी पाहिलेत. रट्टांचं म्हणावं असं अंकेश्वराचं देऊळ आहे, पण ते शोधत जावं लागतं. बाकी सगळं यल्लम्माच्या डोंगरानं झाकलंय. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला तर भंडारा नि 'उदं ग आई उदं' यांपुढे कुठला राजा आठवतोय! बेळगावहून बैलहोंगलमार्गे 80-90 किलोमीटर, म्हणजे दिवस त्यातच जातो. जमेची बाजू मलप्रभेची. आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी नदी इथं नविलुतीर्थाला डोंगर फोडून जाते, तिथंच धरण आहे. पाणी, डोंगर आणि मोकळा मुलूख पाहिला की पहिली गादी इथं का, ते न सांगता कळतं.

बेळगावचा किल्ला मध्यवर्ती बसस्थानकाजवळच, चालत जाण्याइतका. सुरुवात 1204 मधली, रट्टांचा अधिकारी बिचिराज याची. म्हणजे राजधानीचा मुक्काम हलण्याआधीच तयारी चालू झालेली. पुढं आदिलशाहीत किल्ला पुष्कळ बदलला, म्हणून तटबंदीवर वेळ घालवू नका. सरळ आतल्या कमल बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जा. याच बिचिराजानं बांधलेली, नेमिनाथांची. मंडपात शिरलात की मान वर करा: छतातून खाली लोंबणारं दगडी कमळ, पाकळ्या 72. भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर, असा हिशेब सांगतात. काळ्या दगडाला इतकी झिलई की खांबात आपलंच धूसर तोंड दिसतं. आमच्या शाळेची सहल दरवर्षी लांब लांब जायची. हे कमळ मी पाहिलं ते नोकरीला लागल्यावर.

कमतरता एवढीच की इथं राजवाडा नाही, दरबार नाही. नवी राजधानी टिकलीही थोडीच. शतकाच्या मध्यापर्यंत देवगिरीच्या यादवांनी रट्टांचं राज्य गिळलं.

तेव्हा एकच दिवस असेल तर बेळगाव, दुसरा विचार नको. दोन असतील तर आधी सौंदत्ती, मग बेळगाव, राजा गेला त्याच क्रमानं. घरात म्हातारी माणसं असतील तर मात्र हा सल्ला चालायचा नाही, ती यल्लम्मालाच निघणार. मग पौर्णिमा टाळून चला, दर्शन उरकलं की तासभर अंकेश्वराला काढा, आणि कमल बस्ती पुढच्या कुठल्याही सकाळी, खडेबाजारात जाता जाता. किल्ल्यात लष्कराची वस्ती आहे. कॅमेरा भलतीकडे रोखू नका.