बागेतला सागवानी गझिबो: पंचवटीतल्या सुतारकाकांच्या कामाचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. नाशिकला मखमलाबाद रोडला आमचं घर आहे, त्याच्या मागच्या बागेत दहा बाय दहा फुटांचा सागवानी गझिबो, म्हणजे खांबांवर छप्पर असलेला चारी बाजूंनी उघडा मांडव, बांधून घेतला, पंचवटीतल्या एका सुतारकाकांकडून, आणि अख्खा पावसाळा बघून मगच लिहायला बसलेय कारण बाहेरच्या लाकडाच्या कामाचं कौतुक पॉलिश ओलं असताना करण्यात काही अर्थ नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच. काकांच्या वर्कशॉपला बोर्ड नाहीये, कामं सगळी तोंडातोंडी येतात आणि नाव-नंबर असं सगळीकडे टाकू नका हे त्यांनीच सांगितलंय, म्हणून इथे देत नाही. पण त्यांनी काय काय केलं ते नीट लिहिते, म्हणजे तुम्ही कुठल्याही मिस्त्रीकडून करून घेणार असाल तरी त्याला नेमकं काय विचारायचं ते कळेल.

काकांकडे जायच्या आधी आम्ही एका रेडिमेड गझिबोवाल्याकडे गेलो होतो, नाव घेत नाही. पाइनचा तयार सांगाडा, दिसायला एकदम चकाचक, कोरीव रेलिंग, वर छोटा कळस वगैरे. म्हटलं खांब कसे उभे करणार, तर म्हणे खड्डा खणायचा, खांब आत सोडायचा आणि काँक्रीट ओतायचं, संपलं. लाकूड ट्रीटेड आहे मॅडम, काही होत नाही. ट्रीटमेंट, म्हणजे कुजू नये म्हणून दिलेलं औषध, नक्की कुठली, जमिनीत पुरायच्या दर्जाची आहे का फक्त वरवरची, आणि साईटवर खांब कापला तर कापलेल्या टोकाचं काय, यातल्या एकाही प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही. पाइनमध्ये औषध प्रेशरने आत जातं पण गाभ्यात फारसं मुरत नाही, त्यामुळे खांब कापला की आतलं उघडं लाकूड बाहेर येतं आणि तिथे परत औषध लावावंच लागतं, हे विकणाऱ्याला माहीत नसेल तर त्याच्याकडून एवढ्या पैशांची वस्तू घ्यायची कशाला? आम्ही निघून आलो.

काका घरी आले ते लाकडाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. आधी माती बघितली. आमच्याकडे काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ज्यांची घरं मळ्याच्या जमिनीवर झालीत त्या सगळ्यांना हे माहितीये. काका म्हणाले, "ताई, या मातीवर खांब ठेवला तर दोन वर्षांत चारी पाय चार दिशांना जातील, मग वरच्या सांध्यांना दोष द्याल." मग चारही कोपऱ्यांना मुरूम लागेपर्यंत खड्डे घेतले, आमच्याकडे तीन फुटांच्या जरा खाली लागला. तिथून आरसीसीचं फूटिंग, म्हणजे पाया, आणि त्यावर छोटा पेडेस्टल, म्हणजे काँक्रीटचा आखूड खांब, वर आणला, मधली काळी माती उपसून मुरूम भरला, थराथराने पाणी मारून धुम्मसने ठोकला, आणि जोतं जमिनीपासून सव्वा फूट उचललं. वर शहाबादी फरशी, मधून बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. माझ्या मनात लाकडी डेक होता, त्यांनी साफ नाही म्हटलं, जमिनीलगतचा डेक म्हणजे खाली ओल आणि अंधार, वाळवीला आमंत्रण. पटलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खांबाचा पाय. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये खांब कधी नीट बघितलेत का? लाकडी खांब जमिनीला टेकलेला नसतो, खाली दगडी तळखडा असतो आणि खांब त्याच्यावर उभा. लाकूड उभ्या रेषांमधून पाणी वर ओढतं, म्हणजे खांबाचं खालचं टोक ओलं राहिलं की ओल आतल्या आत चढते आणि बाहेरून पॉलिश छान दिसत असताना पाय आतून कुजत असतो. काकांनी तेच तत्त्व वापरलं, फक्त दगडाऐवजी गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा जाड बूट करून घेतला, तो पेडेस्टलमध्ये बोल्टने पक्का आणि खांब फरशीपासून तीन इंच वर. खाली मोकळं दिसतं, हात घालून कोरडं आहे का बघता येतं. नवऱ्याला ते आधी बरं नाही वाटलं, खांब तरंगतायत म्हणाला. या पावसाळ्यात फरशीवर पाणी उडत होतं तेव्हा मी रोज सकाळी खाली बोट फिरवून बघायचे, लाकूड कोरडंच. आणि या बुटाचा दुसरा उपयोग म्हणजे वारा. गझिबोला भिंती नसतात त्यामुळे मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात वारा खालून शिरून छप्पर उचलायला बघतो, म्हणून खांब बुटाला बोल्टने आरपार आवळलाय आणि वर खांब-तुळईच्या कोनात दोन्ही बाजूंनी तिरके आधार दिलेत. ते आधार शोभेचे वाटतात पण ते काढले तर चार खांबांचा सांगाडा हलायला लागेल.

लाकूड. काकांचा सल्ला होता की खांबांना जुन्या वाड्याचं सागवान घेऊ. नाशकात जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचं लाकूड विकायला येतं, काळंकुट्ट, चुना लागलेलं, भोकं पडलेलं, बघून मला तर हे घ्यायचं का असंच झालं. आधी काकांनी एक मोठं लोहचुंबक दोरीला बांधून लाकडावरून फिरवलं, जिथे चिकटलं तिथे खडूने खूण. आत मोडून राहिलेला खिळा रंध्याच्या पात्याखाली आला तर पातं गेलंच समजा. सगळे खिळे उपसले आणि मग एका बाजूवर रंधा मारला. दोन-तीन हात मारले असतील नसतील, खालून मधासारखा सोनेरी रंग वर आला आणि सागवानाचा तो तेलकट उग्र वास सगळ्या वर्कशॉपभर. इतक्या वर्षांचं लाकूड आणि आत एकदम ठणठणीत. शिवाय ते जेवढं आकसायचं त्यातलं बरंचसं कधीच आकसून झालेलं असतं, ओलाव्याचं मीटर लावलं तर १२ टक्क्यांच्या आसपास दाखवत होतं.

तुळयांसाठी मात्र नवीन माल घ्यावा लागला कारण दहा फुटी एकसंध तुळई जुन्यात मिळेना. वखारीत काकांबरोबर मी पण गेले आणि जायलाच पाहिजे असं मी सांगेन. सागवान म्हणून जे दाखवतात त्यात पांढरा भाग किती आणि गाभा किती हे टोकाकडून बघायचं. तपकिरी गाभ्यात सागाचं स्वतःचं तेल असतं, वाळवी त्याला सहसा लागत नाही, पण कडेचा फिकट पांढरा भाग वाळवी आवडीने खाते, मग तो सागाचा असला म्हणून काय झालं. पॉलिश मारल्यावर दोन्ही सारखेच दिसतात! काकांनी पांढरा जास्त असलेले नग बाजूला काढले, मीटरवर २० च्या वर गेलेले पण काढले, वखारवाला वैतागला पण ते हलले नाहीत. हिशोब घनफुटाचा असतो तो घरीच करून जा, सोपा आहे. सहा बाय सहा इंचाचा आठ फुटी खांब म्हणजे २ घनफूट, चार खांब ८. तीन बाय सहाची दहा फुटी तुळई सव्वा घनफूट, चार तुळया ५. असं वाशांसकट मांडलं की कोटेशनमध्ये लाकूड किती फुगवलंय ते लगेच दिसतं. आमचं काम उक्तं नव्हतं, लाकूड आम्ही घेतलं आणि मजुरी वेगळी ठरवली, मला हेच बरं वाटतं कारण उक्त्या कामात वाचवायचं झालं तर पहिली कात्री लाकडाला लागते.

आकारावरून घरात बरीच चर्चा झाली. मुलीला अष्टकोनी हवा होता, फोटोत तसेच असतात. अष्टकोन आखणं काही अवघड नाही, पण आठ कोन म्हणजे छपराला आठ तिरक्या धारा, प्रत्येक धारेवर कौल तिरकं कापायचं आणि प्रत्येक धार ही पाणी झिरपायची जागा. चौकोनाला चारच. शिवाय दहा फुटांच्या अष्टकोनाची एक बाजू चार फुटांच्या थोडी वर येते, तिथे झोपाळा लावायचं विसरा. आम्हाला बाबांसाठी झोपाळा हवाच होता. चौकोन ठरला.

छपराला मंगलोरी कौलं. पत्रा स्वस्त पडला असता पण पावसात खाली बसून बोलताच येत नाही, आणि दुपारी तापतो तो वेगळाच. शिंगल्स हलके असतात, ते पण चाललं असतं, पण त्याला खाली पूर्ण मरीन प्लाय लागतो आणि मग वर बघितलं की वासे-रीपा दिसत नाहीत, प्लाय दिसतो. कौलांचं वजन मात्र डोक्यात ठेवा. चारी बाजूंना दीड फूट छप्पर बाहेर काढलंय, म्हणजे वरून तेरा बाय तेरा, उतार ३० अंशांचा, तर जवळजवळ तीनशे कौलं लागली, सात-आठ क्विंटल वजन झालं. रेडिमेडवाल्यांच्या बारीक खांबांवर हे पेलणारच नाही. ३० अंशांचा उतार म्हणजे मध्ये पावणेचार फूट उंची चढते, आधी फार टोकदार वाटेल असं वाटलं होतं पण कौलांना कमी उतार दिला की वाऱ्याने पाणी उलटं वर सरकतं आणि सांध्यातून आत येतं. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून मारतो, ते दीड फूट नसतं तर अर्धी फरशी कायम ओली राहिली असती. जोराच्या सरीत पश्चिमेकडची हातभर पट्टी भिजते, बाकी कोरडं.

सांधे बघायला मी शेजाऱ्यांना पण बोलावलं होतं. तुळईच्या टोकाला कुसू, म्हणजे कोरून काढलेली जीभ, खांबात तेवढंच भोक, आणि आरपार सागाचीच खुंटी ठोकलेली. भोक पटाशीने करताना काका मध्येमध्ये कुसू घालून बघायचे, हाताने दाबून जाईल पण हलणार नाही इतकी घट्ट. जिथे स्क्रू लागले तिथे स्टेनलेस स्टीलचेच, साधा लोखंडी खिळा ओल लागली की गंजतो आणि सागावर त्याच्या भोवती काळा डाग उतरतो जो मग निघत नाही.

पॉलिशबद्दल थोडं. काकांनी चकचकीत पीयू, म्हणजे लाकडावर थर धरणारं पॉलियुरेथेन पॉलिश, मारायला नकार दिला. बाहेरच्या उन्हात लाकूड फुगतं-आकसतं आणि वरचा थर तडकतो, मग पापुद्रे निघतात आणि सगळं घासून परत करावं लागतं. त्याऐवजी लाकडात मुरणारं, रंगद्रव्य असलेलं बाहेरच्या वापराचं वूड ऑइल लावलं, सगळे नग उभे करायच्या आधीच, आणि टोकांना तर दोन-तीनदा पाजलं. हे पावसाळ्यानंतर दरवर्षी एकदा फडक्याने फिरवायचं, घासाघाशी नाही. कोणी साधं कच्चं जवसाचं तेल सुचवलं तर बाहेरच्या कामाला नको, दमट हवेत त्याच्यावर बुरशी धरते. खांबांवर उभ्या रेषेत एक-दोन बारीक तडे आलेत, मी घाबरून फोन केला तर काका म्हणाले जाड खांबाला ते येणारच, लाकूड तुटलेलं नाही, तड्यांत मसाला, म्हणजे लांबी, भरू नका, भरला तर आत पाणी अडकेल.

आता कापलेला अर्धा. एक म्हणजे वेळ. गणपतीत गृहप्रवेशासारखा छोटा कार्यक्रम करू असं ठरलं होतं ते दिवाळीच्याही पुढे गेलं आणि मग मजूर गावी गेले ते द्राक्षांची कामं उरकूनच आले. सुके नग मिळेपर्यंत थांबले ते मला मान्य, चांगल्यासाठीच थांबले, पण दरम्यान फोन उचलत नव्हते ते नाही आवडलं. आगाऊ पैसे दिलेल्या माणसाला आठवड्यात एक फोन करायला हरकत नसते. दुसरं, वायरिंग. काकांना लाकूड सोडून कशात रस नाही, पंख्याचा हूक कुठे, वायर कुठून, हे त्यांनी आधी विचारलंच नाही आणि इलेक्ट्रिशियन आला तोपर्यंत तुळया चढलेल्या, शेवटी पाईप तुळईच्या वरच्या बाजूने लपवून न्यावा लागला. तुम्ही करणार असाल तर फरशी घालायच्या आधीच जमिनीतून पाईप टाकून ठेवा आणि तुळईखाली आठ फूट उंची सोडा, पंखा लावायचा असेल तर साडेसात कमी पडते.

वेलींचं पण विचारतात सगळे. मधुमालती मला फार आवडते पण ती खांबावर चढवायची नाही, पानांच्या खाली लाकूड वाळतच नाही. आम्ही पश्चिमेला दोन फूट सोडून वेगळी तार ताणली आणि वेल तिच्यावर सोडली, दुपारचं ऊन तीच अडवते.

काकांकडे काम द्यायचं असेल तर दिवाळी झाली की लगेच बोला, म्हणजे उन्हाळ्यात कौलं चढतात आणि पावसाच्या आधी तेलाचे हात होऊन जातात. बोलताना खांबाचा पाय कसा करणार एवढंच आधी विचारा. ते समोर कागदावर काढून दाखवतात, आमच्या बुटाचं त्यांनी काढलेलं चित्र मी जपून ठेवलंय, कोणाला हवं असेल तर फोटो पाठवते.